आनंदराज सरांचे रिले

आनंदराज सर सासऱ्यांच्या जुन्या ॲम्बेसेडरला रिले बसवणार म्हटल्यावर त्यांच्या बायकोनं, लुंबिनीनं, एकदाच विचारलं, की लातूरला जायला एसटी आहे, मग हा खटाटोप कशाला? सर रिले आणायला बाजारात निघून गेले. ते नांदेडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, आणि प्रश्न गाडीचा नव्हताच.

प्रश्न लुंबिनीच्या वडिलांचा होता. हदगावच्या लिंबाजींनी गुडघे दुखायला लागल्यावर ही गाडी जावयाच्या दारात आणून लावली होती, पण विश्वास काही दिला नव्हता. आले की गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि काहीतरी बिघडलेलं शोधून काढायचे. आता लातूरला मुलाकडच्या नातीचं लग्न होतं आणि त्यांना स्वतःच्याच गाडीतून मांडवापुढं उतरायचं होतं. पोचायला अंधार पडणार, हे ऐकून ते म्हणाले, "पाहुणं, ह्या गाडीचे लाइट लागले का न्हाई हे बघाया हातात बॅटरी घ्यावी लागती. तुमच्या शिक्षणाचा कायी उपेग होतो का बघा."

सरांना कारण ठाऊक होतं. लाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या म्हाताऱ्या बटणातून रखडत जायचा आणि वाटेतच थकायचा. रिले बसवले की करंट बॅटरीतून थेट दिव्यांना मिळतो. बटणानं फक्त इशारा द्यायचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून सरांनी दोन दिवस काम केलं. बटणाकडून येणारी इशाऱ्याची वायर तेवढी अडली, कारण डॅशबोर्डखालच्या सगळ्या वायरींचा रंग एकच झाला होता, गुळाच्या काकवीसारखा. सरांनी विचार करून त्यातली एक निवडली.

तपासणी नीट झाली. दारातला उतार मोठा आणि हँडब्रेक कामातून गेलेला, म्हणून लुंबिनीला ब्रेकवर पाय देऊन बसवलं. तिनं चावी फिरवली, बटण ओढलं आणि समोरच्या भिंतीवर असा उजेड पडला, की पाल पळाली. पाय काढू का, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, "मी म्हणेपर्यंत काढू नको." मग तिनं बटण बंद केलं, पण तोवर सर शेजाऱ्याला बोलवायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तिघं निघाले. आहेराच्या पिशव्या मावेनात म्हणून लुंबिनीनं पान्यांची पेटी घरीच ठेवली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या अलीकडं दिवस मावळला आणि सरांनी जरा ऐटीत बटण ओढलं. काहीच झालं नाही. पुन्हा ओढलं. मागच्या सीटवरून लिंबाजींनी खाकरून घेतलं. एवढ्यात समोर म्हैस आली, सरांनी कचकन ब्रेक दाबला, आणि म्हैस, तिचं रेडकू, पलीकडची बाभळ, सगळं लख्ख दिसलं. म्हैस गेली, सरांनी ब्रेक सोडला. पुन्हा काळोख.

त्या काळोखात सरांना आपण कुठली वायर निवडली ते कळलं. ती ब्रेकलाइटची होती. गाडी थांबवायला गेलं की रस्ता दिसणार आणि चालायला लागली की दिसणार नाही. आणि घरी तपासताना लुंबिनीचा पाय सगळा वेळ ब्रेकवरच होता. बटण बंद केल्यावर दिवे विझले का, हे सरांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी उतरून बॉनेट उघडलं, मोबाइलचा उजेड पाडून तारांकडं पाहिलं आणि पुन्हा लावलं. पान्यांशिवाय काही होण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं मुलांना वीज शिकवली, ती बहुतेक चुकीची शिकवली, असं त्यांच्या मनात आलं.

"काय झालं हो?" लुंबिनीनं हळूच विचारलं.

"काही नाही. जरा सावकाश जाऊ."

ते खरोखर सावकाश गेले. ब्रेक दाबायचा, पुढचा रस्ता बघून घ्यायचा, सोडायचा, आठवेल तेवढं जायचं, पुन्हा दाबायचा. मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढं जात होते. लिंबाजींनी एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

चाकूरच्या वेशीत रस्ताभर वरात होती. तिचा जनरेटर बंद पडलेला, डोक्यावरचे दिवे विझलेले, आणि बँडवाले अंदाजानं वाजवत होते. सर तिच्या मागं जाऊन थांबले. थांबले म्हणजे ब्रेक दाबला. सगळी वरात उजळून निघाली, नवरदेवाच्या बाशिंगाचा मणी न् मणी दिसायला लागला. लोकांनी वळून पाहिलं आणि जोरात नाचायला सुरुवात केली. वरात सरकली की सर ब्रेक सोडत, अंधार होई. थांबली की उजेड. बँडवाल्यांनी ते लगेच पकडलं. अंधारात हळू, उजेडात ढोल. नवरदेवाचे मामा सिद्धेश्वर खिडकीशी आले आणि हात जोडून म्हणाले, की मांडवापर्यंत असंच चालू द्या, आता तुम्हांला जेवल्याबिगर सोडत न्हाई.

सरांना स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं, पण पाय काढता येत नव्हता. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"पाहुणं," लिंबाजी म्हणाले, "दाबा अजून."

जेवण झाल्यावर त्या लोकांनी मुक्कामच करायला लावला. सकाळी उजेडात गाडी लातूरच्या मांडवापुढं उभी राहिली. लिंबाजी उतरले, आल्यागेल्याचा जयभीम घेतला आणि चार पाहुण्यांत जावयाला पुढं ओढलं.

"आमच्या पाहुण्यानं नवीन पद्धत काढली. ब्रेक दाबला की फोकस लागतो. उगी चालताना बॅटरी जळत न्हाई. नांदेडात दुसऱ्या कुणाच्या गाडीला हाय का?"

एवढ्या वर्षांत त्यांनी चारचौघांत जावयाचं कौतुक करायची ही पहिलीच वेळ होती. सरांनी तोंड उघडलं, तोच लुंबिनीनं त्यांची बाही धरली.

"म्हणून ह्या भीमाला सांगितलंय," लिंबाजींनी आपल्या चुलतभावाकडं बोट दाखवलं, "बुद्धवंदना व्हायला अजून येळ हाय. तवर त्याच्या जीपला तसंच करून देत्यात म्हणून."

भीमा लाजून हसला. त्यानं जीपचं बॉनेट उघडूनच ठेवलं होतं, आणि पाने सगळे होते.