दगडी ठेसनाची तिसरी कमान राखिली ते समयीची हकिकत

कुळस्वामिनीस दंडवत, थोरामोठ्यांस रामराम, आणि जे ऐकतील त्यांनी मध्ये तोंड घालू नये. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एक राज्य होते, त्यात एक शहर होते, आणि शहराचे नशीब फुटके होते. गिरण्या बसल्या, आणि भोंगे मुके जाहले, आणि कर्ती पोरे दुसऱ्या मुलखी चाकरीस गेली, आणि मागे राहिले ते गोऱ्या साहेबाचे अमलातील दगडी ठेसन, त्यास पाच कमानी, आणि दिवसास गाड्या दोन. मग दरबारी मसलत पडली की ठेसन पाडावे, दगड विकावा, आणि त्या जागी काचेचा बाजार उभा करावा. खाण्यास दाणा नाही आणि मिरवण्यास आरसा, ऐशी ती अक्कल.

ते ठेसनी ठगूबाई बाविस्कर म्हणून होत्या, हमालांचे मुकादमाची विधवा. त्यांचा मान ऐसा की, आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणास, सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात त्यांनी गाडीतून उतरून तिसऱ्या कमानीखालीच यावे, आणि तेथे दिवा लावून ठगूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायांवर पाणी घालावे, आणि लेकीने कमानीस कुंकवाची बोटे उमटवून मग शहरात पाऊल ठेवावे. जिची आई गेली तिचीही तेथे कोणी वाट पाहते, हे त्या कमानीचे मोल. ठगूबाईंस पोटची लेक नाही. कमान गेली तर आखाजीस आपण कोणाची वाट पाहावी, हा घोर त्यांस लागला, परंतु तो त्यांनी कोणास दाखविला नाही; बोलल्या इतकेच की दरबाराचे डोळे गेले, आता गुडघेही जावोत.

मग ठेसन राखावे म्हणून शहाण्यांची सभा उभी राहिली, आणि तिचे म्होरके चिंचाळकर साहेब, जुन्या इमारतींचे मोठे जाणते आणि मनाने वाईट नव्हेत. आखाजीस दरबाराचा पाहणीदार येणार आणि तो सांगेल ते होणार, ऐशी खबर आली. तेव्हां साहेबांनी मनसुबा केला की कमान नवरीसारखी दिसावी, आणि त्यांनी तेजाबाने दगड घासविला, आणि दिव्यांची काजळी गेली, आणि पिढ्यांची बोटे गेली, आणि सांध्यांत ओला चुना भरून पुढे दोर बांधिला, आणि पाटी लाविली की येथून जाऊ नये. ठगूबाई कडाडल्या. साहेब नरमाईने बोलले, "आजी, तो मळ होता. आपण इमारत वाचवतोय."

"वाचवा हो," बाई बोलल्या. "मढंही आंघोळ घातल्यावर नीटच दिसतं."

आखाजीचे तोंडावर लेकी आल्या, दोर पाहिला, आणि मुकाट पार्सलच्या फाटकातून, आंब्यांच्या करंड्यांमागून, शहरात शिरल्या. मग पाहणीदारांची स्वारी आली, आणि त्यांनी कोरा दगड आणि मोकळी कमान पाहिली, आणि बोलले की येथे तर कावळा फिरकत नाही; उद्या दुपारची गाडी पाहू आणि पाडण्याचा शेरा लिहू. चिंचाळकर साहेब बाकावर बसले ते उठेनात.

ठगूबाई उठल्या. संध्याकाळी गल्लोगल्ली झोके बांधले होते आणि लेकी गाणी म्हणत होत्या, तेथे जाऊन त्यांनी निवाडा सांगितला. "पार्सलच्या फाटकातून आलात, ते पार्सल म्हणून आलात. लेक म्हणून माहेर लागलंच नाही तुम्हाला. परत जा आणि नीट या."

आधी लेकी हसल्या. मग एकीस आठवले की आल्यापासून पोर किरकिरते, आणि एकीची पुरणपोळी फुटली होती, आणि एकीचे भावजयीशी वाजले होते, आणि सर्वांस कारण सापडले. दुसरे दिवशी साऱ्या लेकी टेंपोत भरून पुढील ठेसनी गेल्या. तेथील तिकीटबाबूने पुसले, "कुठं चाललात एवढ्या?"

"माहेरी."

"आणि आलात कुठून?"

"माहेराहूनच."

बाबूने कपाळास हात लाविला आणि तिकिटे फाडली.

इकडे ठगूबाईंनी विळ्याने दोर कापिला. चिंचाळकर साहेब धावत आले की चुना ओला आहे, तोच गाडी लागली, आणि लेकी, पोरे, पिशव्या यांचा लोंढा कमानीवर आला, आणि बाईंनी साहेबांचे हाती पाण्याचा तांब्या दिला आणि घाला म्हणाल्या, आणि साहेब पाणी घालू लागले. पाहणीदार त्या गर्दीत सापडले आणि ढकलत ढकलत कमानीखाली आले. ठगूबाईंनी भाकरतुकडा त्यांवरूनही ओवाळिला.

पाहणीदार दचकून बोलले, "बाई, मी पाडायला आलोय हे."

"ठाऊक आहे. आधी पाय धुऊन घ्या, मग पाडा."

पाहणीदारांनी बूट काढिले. मागे लेकींची रांग थेट गाडीस टेकली होती, आणि इंजिनवाला शिट्टी देऊन देऊन थकला होता. मग त्यांनी ओल्या पायांनी उभ्या उभ्या शेरा लिहिला की येथे राबता आहे, तूर्त पाडू नये.

येणेप्रमाणे जाहले. दरबाराने हुकूम मागे घेतला नाही, तीन वर्षे लांबणीवर टाकिला. ठेसन उभे आहे, शहर गरीबच आहे, गाड्या दोनच येतात. पुढे काय, ऐसे चिंचाळकर साहेबांनी पुसले, तेव्हां ठगूबाई बोलल्या, "तीन आखाज्या आहेत. पीठ दळून ठेवा."