गोलामागची खुर्ची

आमच्या आप्पांनी उभ्या आयुष्यात नांदेडच्या मैदानावरचा हॉकीचा एकही सामना चुकवला नाही, आणि आपल्या संघाने मारलेला एकही गोल पाहिला नाही. यात कोडं काही नाही. सामना लागला की आप्पा लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आपल्याच गोलाच्या मागे बसतात. समोर दिसते ती गोलकीपरच्या पुढे उभं राहून हल्ला अडवणाऱ्या आपल्या फुलबॅकची पाठ. त्यापलीकडे काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आपला गोल झाला हे त्यांना लोकांच्या आरड्याओरड्यावरून कळतं. मध्यंतराला संघ बाजू बदलतात, तेव्हा आप्पाही उठतात, खुर्ची काखेत मारतात आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलामागे जाऊन बसतात. सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण खुर्चीला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत.

आप्पा म्हणजे बसवलिंगप्पा. मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगाला सरकी-पेंडीचा वास. त्यांच्या पेंडीच्या दुकानाला लागून माझा फोटो स्टुडिओ. मी देगलूरचा, म्हणून अठरा वर्षं ते मला 'देगलूर' अशीच हाक मारतात. मैदानावर मात्र आमचा शेजार सुटतो. मी कॅमेरा घेऊन समोरच्या संघाच्या गोलामागे असतो, कारण पेपरवाल्यांना गोलाचा फोटो लागतो.

"गोल मारल्याचे शंभर फोटू काढलास, देगलूर. अडवल्याचा एक तरी हाय का?" ते विचारतात. खरं सांगायचं तर नव्हता.

त्यांचं आणखी एक पालुपद म्हणजे "मागं कोण हाय?" माझ्या पुतणीसाठी आलेल्या स्थळाचं मी तोंड भरून कौतुक केलं. पोरगा इंजिनिअर, पुण्यात फ्लॅट. आप्पा शांतपणे म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मागं कोण हाय?" मी स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, मायलेज विचारलं नाही, मागचा ब्रेक दोनदा दाबून बघितला. वरातीत सगळे बँडपुढे नाचतात, हे शेवटच्या म्हातारीच्याही मागून चालतात. रागावले की मात्र उदगीरची कन्नड बाहेर येते. "साकु," म्हणजे पुरे. एकदा साकु म्हणाले की तो विषय संपला.

तर गेल्या वर्षी आमच्या क्लबपुढे एक प्रस्ताव आला. लातूरच्या क्लबला आमचा फुलबॅक हरपाल हवा होता. बदल्यात त्यांच्या उन्हाळी शिबिरातली दोन पोरं आम्हाला मिळणार, आणि ती निवडायचा पहिला हक्क आमचा. हरपाल बारा वर्षं आमची बाजू राखत होता. पण वय चौतीस, डावा गुडघा कुरबुरणारा. मी उघडउघड सौद्याच्या बाजूने होतो. दोन ताजी पोरं दहा वर्षं खेळतील, हे चहाच्या टपरीवर मी सगळ्यांना बोटांवर मोजून समजावत होतो.

"जी पोरं आजून बघितलीबी न्हाईत, त्यांच्यासाठी घरातलं मानूस देता?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, संघ भावनेवर चालत नसतो."

"मंग कशावर चालतो? तुझ्या फोटूवर?"

तीन आठवडे हेच. हरपालचा गुडघा, हरपालचं वय, हरपालचा वेग, सगळं चघळून झालं. आप्पांनी माझ्याकडे चहा पाठवणं बंद केलं. मीही हट्टाला पेटलो होतो.

शेवटी रविवारी सकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर क्लबच्या सभासदांची बैठक बसली. हात वर करा म्हटल्यावर आप्पा सोडून सगळ्यांचे हात वर गेले. अध्यक्ष "ठरलं" म्हणणार, तोच आप्पा उठून उभे राहिले.

"हरपालला इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं.

"मलाबी न्हवतं इचारलं," आप्पा म्हणाले. "नऊ वर्साचा होतो. नांदेडच्या चुलत्याला लेकरू न्हवतं, मला दत्तक दिलं. मुहूर्त इचारला, जंगमाला इचारलं, पेढे कुठले आनायचे त्येबी इचारलं. मला न्हाई." आणि खाली बसले.

अठरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली. बैठक तिथेच थांबली आणि आप्पांना स्कूटरवर मागे बसवून मी हरपालच्या वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेलो.

आप्पांनी विचारलं, तसा हरपालने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला. "जायचंय मला, आप्पा. बायकोला लातूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. लेक तिच्यासंगं. मी दर शनिवारी एसटीनं जाऊन येतो."

मी मनात म्हटलं, आता आप्पा साकु म्हणणार. ते म्हणाले, "मंग बोलला का न्हाईस रे?"

"तुम्ही मागं बसलेले असता. कसं बोलू?"

आप्पांनी त्याच्या खांद्यावरची लोखंडाची भुकटी झटकली. परतताना पाठीमागून त्यांचा आवाज आला. दत्तक दिलं त्याच संध्याकाळी ते चुलत्याच्या घरातून पळून याच मैदानावर आले होते आणि गोलामागे उभे राहून रडत होते. तेव्हाच्या फुलबॅकने, कुणाचा कोण हेही न विचारता, मान वळवून सांगितलं होतं, "तिथंच थांब. इकडून कायबी येऊ देत न्हाई." मी स्कूटर जरा हळू केली.

उन्हाळ्यात लातूरला पोरं निवडायला आप्पाच आले. प्रत्येकाला एकच प्रश्न, "यायचंय का?" सगळ्यात चपळ पोरगा मान खाली घालून म्हणाला, आई एकटी आहे. आप्पांनी त्याला तिथेच सोडलं आणि मी चडफडलो. शेवटी एक फॉरवर्ड घेतला आणि उदगीरचा सोहेल नावाचा किडकिडीत फुलबॅक. दोघंही आपण होऊन हो म्हणालेले.

डिसेंबरात लातूरचा संघ नांदेडला खेळायला आला. निळ्या जर्सीत हरपाल, आमच्याकडून सोहेल. मी नेहमीच्या जागी निघालो होतो, पण अर्ध्यातून वळलो आणि आप्पांच्या खुर्चीशेजारी मातीत येऊन बसलो. सोहेलने पहिल्या अर्ध्यात काहीही आत येऊ दिलं नाही. अडवल्याचे फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा काढले, आणि बरे निघाले.

मध्यंतराची शिट्टी झाली. मी वळशाच्या तयारीने उठलो.

"बस," आप्पा म्हणाले. "कुठं जायचंय? आता हरपालच इकडं येतोय की."

तो आला. आप्पांकडे बघून मान लववली आणि पाठ करून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा आपला संघ आप्पांच्या अंगावर धावून येत होता. हरपालने तीन वेळा अडवलं. चौथ्यांदा आमच्या फॉरवर्डने चेंडू त्याच्या डाव्या पायाजवळून काढला आणि तो जाळीत, थेट आप्पांच्या समोर येऊन थडकला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. हरपाल गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता.

आप्पांनी त्या चेंडूकडे बघितलंही नाही. खुर्ची जाळीला टेकेपर्यंत पुढे ओढली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे, हरपाल. मी हाय मागं."

हरपालने वळून पाहिलं नाही, पण स्टिक जरा वर उचलली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.