केरकरांची रीतसर शिकार

केरकर ऑफिसच्या मीटिंगला बाथटबात बसतात. टबात पाणी, पाण्यात दोन पिशव्या बर्फ आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेले आमचे शेजारी अरविंद केरकर. वय अठ्ठावन्न, एका औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ. कॅमेरा बंद, लॅपटॉप कमोडच्या झाकणावर. बॉसने "एनी कन्सर्न्स?" विचारलं की हे दात कडकडवत "न-न-नो" म्हणतात. बॉसला वाटतं, आपला काय दरारा आहे!

"सराव रीतसर व्हायला हवा, देशपांडे," हे मला वर ऐकवतात. 'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. चहा रीतसर, कचरा रीतसर, शिंकसुद्धा रुमाल उलगडून रीतसर.

सराव कसला, तर थंडगार समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे मारण्याचा. माणूस मूळचा वेंगुर्ल्याचा. इथे परदेशात, वेस्ट विंडसरमध्ये पंचवीस वर्षं घरापुढची हिरवळ कापून कंटाळला आणि सहा वर्षांपूर्वी त्याने रबरी सूट आणि भाला सोडणारी लांबलचक बंदूक आणली. सोबत मलाही ओढलं. मी पुण्याचा. पाण्याशी माझा संबंध नळ किती वाजता जातो एवढाच. पण भीड भिकेची बहीण, गेलो.

या सहा वर्षांत केरकरांनी किती मासे मारले? एकही नाही. आणि इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, 'स्वतः मारलेला मासा' दरवर्षी हजर. एका वर्षी तर सुरमईच्या गोल गोल तुकड्या होत्या.

"केरकर, हा समुद्रातही असा तुकड्यातुकड्यानेच फिरत होता का हो?" मी विचारलं.

"हळू बोला," म्हणत त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन तुकड्या वाढल्या. मी खायला लागलो. तुकड्या झकास होत्या.

पण यंदा गंमत नव्हती. त्यांची मुलगी गौरी दोन वर्षांनी घरी येणार होती. तिने फार्मसीची नोकरी सोडून व्हरमाँटमध्ये बेकरी काढली, तेव्हा केरकर फोनवर बोलून गेले होते, "एवढं शिकून भट्टीवर बसणार? लोकांना काय सांगू मी?" तेव्हापासून गौरी बोलायची ती फक्त आईशी. सुलभाताई रोज तासभर बोलत आणि हे शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघत. आता ती एका रात्रीसाठी येत होती, शनिवारी संध्याकाळी. केरकरांनी सुलभाताईंच्या तोंडून निरोप धाडला होता: बाबा स्वतः मारलेला मासा खायला घालणार आहेत.

"या वेळी खराच हवा, देशपांडे. तिच्यापुढे रिकाम्या हाताने कसा उभा राहू?" हे बोलताना त्यांना 'रीतसर' म्हणायचीही आठवण राहिली नाही.

म्हणून नोव्हेंबरअखेरच्या त्या शनिवारी सकाळी आम्ही समुद्रकाठी हजर. एरवी आम्ही सप्टेंबरमध्येच जातो, शहाण्यासारखे. आज वारा असा की कान आहेत की गेले, चाचपून बघावं. बरोबर तिसरे नागपूरचे वानखेडे. "मला पोहता नाही येत भाऊ, पण चहा बनवता येते," या अटीवर ते दरवेळी खडकावर थर्मास घेऊन बसतात.

रबरी सूट अंगात चढवणं ही अर्धी शिकार असते. सगळं जग त्यासाठी साबणाचं पाणी वापरतं. केरकर वापरतात खोबरेल. "आमच्या घरी बिजागरीपासून केसांपर्यंत सगळ्याला एकच तेल," हा त्यांचा सिद्धांत. बाटली काढली तर आत पांढराशुभ्र दगड. मग ती गाडीच्या हीटरपुढे धरून तिघं बसलो. वितळलेलं तेल हातापायांना चोपडलं, आणि उरलेलं केरकरांनी मायेने बंदुकीच्या खटक्यात सोडलं.

"भजेही तळून घेऊ का?" वानखेडेंनी विचारलं.

पाण्यात शिरलो आणि कपाळात कोणीतरी खिळा ठोकला. शिव्या आठवल्या, पण तोंडात नळी होती. आमचा नियम असा, की एकाने बुडी मारायची आणि दुसऱ्याने वरून लक्ष ठेवायचं. इथे टॉटॉग नावाचा मासा मिळतो. काळा, जाड ओठांचा, खडकाच्या कपारीत राहतो. कायद्याने पंधरा इंचांच्या आतला मारायचा नाही. त्यामुळे केरकर बंदुकीवर खुणा करून ठेवतात आणि दिसेल त्या माशाला मनातल्या मनात मोजतात. पाण्यात सगळंच मोठं दिसतं म्हणून वर चार इंच वजा करतात. तासाभरात त्यांनी पाच मासे नापास केले.

आणि मग सहावा आला. काय मासा होता हो! दीड हात लांब, कपारीच्या तोंडाशी निवांत. चार सोडा, आठ इंच वजा केले असते तरी पास. मी वरून श्वास रोखून बघत होतो. केरकर खाली गेले, बंदूक रोखली, खटका ओढला.

काही नाही.

पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी. मासा त्यांच्याकडे बघत होता, केरकर माशाकडे. शेवटी तो पान खाऊन पारावरून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा सावकाश निघून गेला.

वर आल्यावर केरकरांनी खटका बघितला. आतलं खोबरेल थिजून गच्च बसलं होतं. जन्मभर कुठला पदार्थ किती तापमानाला गोठतो तेच मोजणारा माणूस! मला हसू आवरेना. पण केरकर हसले नाहीत. खडकावर बसून नखाने तो पांढरा गोळा कोरत राहिले. मला माझ्याच हसण्याची लाज वाटली. आणखी पाण्यात जाण्याची आमच्यापैकी कोणाचीच ताकद नव्हती.

परतताना मीच गाडी मासळीच्या दुकानाकडे वळवली. "अख्खा मासा घेऊ," मी म्हणालो. "तुकड्या नकोत."

"भाल्याचं भोक मी पाडतो," वानखेडे म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर आहे गाडीत. बाप्पा, कोणाला कळते!"

मासा निवडला, चांगला टपोरा. काउंटरवरच्या माणसाने साफ करून देऊ का विचारलं, आम्ही दोघं एका सुरात "नो, नो!" ओरडलो. वळून बघतो तर केरकर नाहीत. ते बाहेर ट्रॉल्यांच्या रांगेजवळ उभे होते. सूट कमरेपर्यंत सोललेला, वर जॅकेट, कानाला फोन. बोटं बधिर म्हणून स्पीकरच लागला होता.

"बाबा?" गौरीचा घाबरलेला आवाज. "इज आई ओके? काय झालं?"

बाबांचा फोन म्हणजे वाईट बातमीच, असं वाटलं पोरीला.

"आई बरी आहे. मी... गौरी, मासा नाही मिळाला गं. कधीच मिळाला नव्हता. सगळे विकतचे होते." केरकर थेट पुढे बोलले. "आणि ते भट्टीचं मी बोललो, ते चुकलं माझं. दोन वर्षांपासून म्हणायचं होतं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी डिनरला काहीतरी बेक करू? घरी अव्हन चालतो ना, बाबा?"

"चालतो," केरकर ठामपणे म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

कारण केरकरांच्या अव्हनमध्ये, आपल्या सगळ्यांच्या अव्हनमध्ये असतात तशा, कढया असतात. घरी पोहोचल्याबरोबर ते त्याच अवतारात स्वयंपाकघरात घुसले आणि गुडघ्यांवर बसून एकेक वस्तू बाहेर काढू लागले. तीन कढया, तवा, इडलीपात्र, झाकणं, मोदकपात्र. सुलभाताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. केरकरांनी आतून अव्हन पुसला, जाळ्या पुसल्या, दाराची काच पुसली. मग बटणांसमोर अडले.

"किती डिग्रीवर तापवून ठेवायचा असतो?"

"मला काय माहीत? थांबा, मी विचारते गौरीला." सुलभाताईंनी सवयीने फोन उचलला.

"तू नको," केरकर म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. "मी विचारतो."