साडेसात–अडीच

आमच्या इंदिरानगरातले अहिरे मास्तर दर पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे यायचे आणि कधीही न झालेल्या सामन्याच्या निकालाखाली साक्षीदार म्हणून माझी सही घ्यायचे.

सामना बुद्धिबळाचा. एका बाजूला अमेरिकेतला, जगज्जेत्याला हरवलेला सुपरकॉम्प्युटर. दुसऱ्या बाजूला दुकानात सीडीवर मिळणारे बुद्धिबळाचे प्रोग्रॅम. डाव दहा. "आपलं साडेसात, त्यांचं अडीच. करा सही." सुपरकॉम्प्युटरला ते 'आपला' म्हणत, जणू तो त्यांच्या गावचा, सटाण्याचाच. अर्धा डाव कसा जिंकतात, हे विचारायची सोय नव्हती. डाव बरोबरीत सुटला की दोघांना अर्धा अर्धा, एवढं मला मुलीनं सांगितलं.

मास्तर शाळेचे नव्हेत, रेल्वेचे. शेजारच्या स्टेशनवर पगारे मास्तर. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला फोन करायचा. तिकडचा मास्तर लाईन मोकळी असेल तर आपल्याजवळच्या गुप्त यादीतला एक नंबर देणार. तो वहीत लिहायचा, मगच गाडी. या दोघांनी एकमेकांना अठ्ठावीस वर्षं असे नंबर दिले. प्रत्यक्ष भेटी तीन, त्यातली एक पगारेंच्या लग्नाच्या पंगतीत. निवृत्तीनंतर पगारे मनमाडला राहिले, अहिरे नाशिकला आले. भेटायला का जात नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आमचं जमतं ते लांबूनच.

वाद काढला पगारेंनी. जगज्जेता हरल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी लिहिलं, की माणूस घाबरला म्हणून हरला. दुकानातला प्रोग्रॅम घाबरत नाही, त्याच्याशी खेळवा म्हणजे कळेल. झालं, मास्तर पेटले.

मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून आपोआप तज्ज्ञ ठरलो. बाजारात नवी सीडी आली की मास्तर चौकशीला हजर. शास्त्र मात्र रेल्वेचं, भाषा निम्मी अहिराणी. "आपली सुपरफास्ट शे, त्याची पॅसेंजर." त्यावर पगारेंचं उत्तर यायचं, की पॅसेंजरही पोचते. भारनियमन वाढलं तेव्हा मास्तरांनी पगारेंच्या बाजूचा अर्धा गुण कापून तीनाचे अडीच केले, कारण लाईट मनमाडला जाते, अमेरिकेत जात नाही. स्वतः मास्तर माझ्या चौथीतल्या मुलीकडून वीस मिनिटांत हरायचे. घोडा रूळ सोडून उडी मारतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी दोन आकडी नंबर असे आणि उत्तरातही तसाच नंबर यावा लागे. त्याशिवाय पुढचं भाकीत नाही. "नंबर नाही, तर गाडी नाही." घरात ते एकटेच. उत्तराला उशीर झाला की पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून फाटकाशी उभे राहायचे.

एकदा एका मासिकात मी वाचलं, की त्या सामन्यानंतर ते मशीन खोलून ठेवलंय, ते पुन्हा कधीच खेळणार नाही. माझ्या अंगात शहाणपणा फार. मासिक घेऊन तडक मास्तरांकडे गेलो. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसत बसले.

"पगारेला कळवू नका," ते म्हणाले. "वाद मिटला तर तो मला कशाला लिहील?"

मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्याच महिन्यात मला एका लग्नासाठी मनमाडला जायचं होतं. मास्तरांनी पगारेंसाठी चिवडा दिला आणि तोंड बंद ठेवायची ताकीद पुन्हा दिली. पगारे खाटेवर होते. वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला होता. कार्डं ते डाव्या हातानं लिहीत, एकेक कार्ड तीन-तीन दिवस. आजाराबद्दल मात्र अहिऱ्यांना त्यांनी एक ओळ कळवली नव्हती. निघताना त्यांनी उशीखालून वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. मशीन खोलून ठेवल्याची तीच बातमी होती, बऱ्याच आधी छापून आलेली.

"हे अहिरेला सांगू नका. लय लावून घेईल जिवाला."

येताना गाडीत डोळे सारखे भरून येत होते आणि शेजारचा माणूस खिडकी बंद करू का म्हणून विचारत होता.

मास्तर फाटकाशीच उभे होते. पगारेला काही कळलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि खिशातून तयार कार्ड काढलं. आपलं सात, त्यांचं तीन. एवढ्या वर्षांत पगारेंना अर्धा गुण वाढवून मिळाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी कारण विचारलं.

"अक्षर कापतंय त्याचं वर्षभर," मास्तर म्हणाले. "तो सांगत नाही, मी विचारत नाही."

मग त्यांनी तळाशी नंबर घातला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. मी सही केली, या वेळी पूर्ण नावानिशी.