नंबर सोडून उठू नये

चहा निवून त्यावर साय धरली तरी हेडबाईंचा फोन आला नाही, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठले. खिडकीशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. पिंजऱ्यातल्या वाघाला निदान फेऱ्या मारण्यापुरती जागा असते. डॉक्टरांच्या खोलीत टेबल, खुर्ची, औषधांचं कपाट आणि तपासायचा पलंग एवढं सगळं वजा जाता एक चिंचोळी वाट उरत होती, आणि त्या वाटेवरचं पायपुसणंसुद्धा आज घाबरून भिंतीशी गोळा झालं होतं.

"अहो, बसा जरा," दारातून बायको म्हणाली. "फरशी झिजेल."

"पाचला करते म्हणाल्या होत्या."

"मग तुम्ही करा."

"तेच करतोय मघापासून. एंगेज लागतोय."

"एंगेज आहे म्हणजे बोलतायत. बोलतायत म्हणजे धडधाकट आहेत."

"किंवा रिसीव्हर खाली पडलाय," डॉक्टर म्हणाले, "आणि त्याच्या शेजारी बाई."

बायकोनं चहाचा कप तेवढा उचलून नेला.

हेडबाई म्हणजे डॉक्टर ज्या शाळेत शिकले तिथल्या मुख्याध्यापिका. डॉक्टरांचे केस पांढरे झाले, पण बाईंचा फोन आला की ते अजून उभं राहूनच बोलत. साथ सुरू झाली आणि बाईंना ताप भरला. घरात एकट्या, हॉस्पिटलात जागा नाही, आणि जागा असती तरी बाई गेल्या नसत्या. शेवटी डॉक्टरांनी ठरवून दिलं: सकाळ-संध्याकाळ ते चिमट्याचं यंत्र बोटाला लावायचं आणि ऑक्सिजनचा आकडा कळवायचा. आकडा घसरला की गाडी येणार, मग कुणाचं काही चालणार नाही. आज सकाळचा आकडा अगदी काठावर होता. "आणि फोन माझ्या खाजगी नंबरावर करा," डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. "दवाखान्याच्या नंबरावर करू नका."

तर मंडळी, दवाखान्याच्या नंबरावर काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं. दृष्टांत कळल्याशिवाय सिद्धांत गळी उतरत नाही.

दवाखान्याच्या दाराला कुलूप लागलं आणि तपासणी फोनवर सुरू झाली, तेव्हा डॉक्टर एक आणि त्यांचा फोनही एक. ज्याला फोन लागे तो सोडत नसे, आणि ज्याला लागत नसे तो शिव्या देई. मग दूर राहणाऱ्या लेकीनं बसल्या जागेवरून एक सोय करून दिली. एकच नंबर. कितीही जणांनी फोन करावा, सगळे आपापल्या घरी फोन कानाला लावून थांबतील, आणि कंपाउंडर एकेकाला डॉक्टरांकडे सोडील.

"काका," लेकीनं कंपाउंडरला विचारलं, "थांबलेल्या लोकांना काय ऐकू येऊ दे? संगीत ठेवू?"

कंपाउंडर या दवाखान्यात डॉक्टरांच्या वडिलांपासूनचा. नवं काही म्हटलं की तो आधी नाही म्हणे.

"ताई, आपल्या दवाखान्यात कधी संगीत होतं का? बाकावर बसलेल्यांना काय ऐकू येतं? एकमेकांचं. तेच राहू द्या."

लेक घाईत होती. तिनं कळ दाबली. दुसऱ्या दिवशी फोनवर बाक भरला.

"नमस्कार. मी तिसरा नंबर. तुम्हाला काय होतंय?"

"घसा. तुम्हाला?"

"मला गुडघा. पण तुमचं ऐकून आता घसाही दुखायला लागलाय."

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माणसाचं दुखणं असं चव्हाट्यावर? लेक म्हणाली, लगेच बदलते. पण बाकानं बंड केलं. "डॉक्टर, इतके दिवस भिंतींशी बोलतोय," गुडघेवाले काकुळतीला आले. "बाक तेवढा काढून घेऊ नका." डॉक्टरांचं मन लोण्याचं. बाक राहिला, पण त्यांनी नियम घातला: बाकावर नावं घ्यायची नाहीत, नुसते नंबर. दुखण्याचं खरं बोलणं आत, डॉक्टरांशी एकट्यानं.

दुसरा नियम कंपाउंडरचा. तो जुनाच होता, भिंतीवर पाटीच होती: 'नंबर सोडून उठू नये. उठल्यास नंबर जाईल.' फोनवर त्याचा अर्थ, ठेवलात की गेलात.

तिसरा नियम बायकोचा. एकदा जेवणानंतर डॉक्टरांचा डोळा लागला असताना कंपाउंडरनं बाकाला खरं ते सांगितलं होतं, "डॉक्टर झोपलेत." बाकावर झोपलेल्यांचे आडवे झालेले झाले, आडव्यांचे अंथरुणाला खिळलेले झाले, आणि दिवे लागायच्या आत एका चुलत मावशींचा रडत फोन आला. त्या दिवसापासून डॉक्टर कुठेही असोत, कंपाउंडरनं म्हणायचं, "डॉक्टर आत आहेत, तपासतायत."

तिन्ही नियम चांगले होते, तिन्ही चांगल्या मनानं केलेले होते. माणूस स्वतःसाठी खड्डा खणतो तो असाच, देवाचं नाव घेत आणि नीट मापं काढून.

बाकावर मग धडधाकट माणसंही येऊन बसू लागली. डॉक्टरांची जुनी खोड अशी की पाय मुरगळलेला माणूस आला तरी ते आधी म्हणत, "जीभ दाखवा." फोनवरही तोंडून तेच निघे, आणि रुग्णही इमानेइतबारे फोनला जीभ दाखवत. पण हल्ली जीभ दाखवून झाल्यावर "काय होतंय?" म्हणून विचारलं की उत्तर येई, "काही नाही डॉक्टर. बसलोय जरा."

या उत्तरानं डॉक्टरांचं डोकं फिरे. "बसायला ही काय बाग आहे?" ते म्हणत. पलीकडून नम्रपणे उत्तर येई, "बागा बंद आहेत ना."

आता डॉक्टरांनी पुन्हा एकदा फोन फिरवला. एंगेज. ते बाहेरच्या खोलीत गेले. कंपाउंडर कानाला हेडफोन लावून ताठ बसला होता.

"हेडबाई आल्यात का रे बाकावर?"

"नावं घ्यायची नाहीत म्हणालात ना, साहेब."

"आवाज तर ओळखतोस."

"ओळखायचंच नाही असं ठरवलंय. ओळखलं की तोंडातून नाव जातं."

डॉक्टरांनी खुंटीवरचा पांढरा प्लॅस्टिकचा झगा ओढला. वरून टोपी, मास्क, मास्कवर दुसरा मास्क, आणि त्यावर चेहऱ्यासमोरची काच. पहिल्याच श्वासाला काचेवर वाफ धरली.

"अहो, बाकावर लोक आहेत," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी मास्कातून काहीतरी उत्तर दिलं. ते पिंपात पडलेल्या माणसानं द्यावं तसं ऐकू आलं. दार आपटलं.

"आणि तोवर मी काय सांगू, वहिनी?" कंपाउंडरनं विचारलं.

"काय म्हणजे? डॉक्टर आत आहेत."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर झपाझप निघाले. प्लॅस्टिक प्रत्येक पावलाला कुरकुरत होतं आणि डॉक्टरांच्या मनात सकाळचा तो काठावरचा आकडा पायरी पायरीनं खाली उतरत होता. हेडबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी एका गॅलरीत एक गृहस्थ फोन कानाला लावून उभे होते. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकाच राहिला.

"मी सहावा नंबर बोलतोय. ऐका सगळ्यांनी. आमच्या गल्लीत पांढरा प्लॅस्टिकवाला शिरलाय. कुणाला तरी न्यायला आलेत. दारं लावून घ्या."

पुढे गल्लीत धाड धाड दारं लागली. त्यातली शेवटची कडी हेडबाईंच्या दाराची होती, पण काचेवरच्या वाफेत डॉक्टरांना ती दिसली नाही. त्यांनी बेल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. मग दारावर मूठ आपटली. आत सगळं सामसूम. दार फोडायचं तर खांद्यानं की पायानं, आणि या वयात आधी काय मोडेल, याचा ते विचार करत होते, तेवढ्यात दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बोटभर हलला. फटीत एक डोळा दिसला, आणि डोळ्याशेजारी रिसीव्हर.

डॉक्टरांनी पुन्हा आपटायला उचललेली मूठ खाली घेतली.

"मी कुठेही येणार नाही," खिडकी बोटभर उघडून हेडबाई म्हणाल्या. "गाडी आणली असेल तर रिकामी परत न्या."

"बाई, मी डॉक्टर."

"कोण?"

"डॉक्टर. तुमचा डॉक्टर."

"प्लॅस्टिक घातलं की सगळेच डॉक्टर. माझे डॉक्टर दवाखान्यात बसलेत." बाईंनी रिसीव्हर तोंडाशी धरला. "अहो, डॉक्टर कुठे आहेत?"

रिसीव्हरमधून कंपाउंडरचा आवाज खिडकीबाहेर स्वच्छ ऐकू आला. "डॉक्टर आत आहेत, तपासतायत. बसून घ्या, पाचवा नंबर."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी अर्धा बोट बंद केली.

डॉक्टरांनी हातमोजा काढून फोन काढला आणि बायकोला लावला. एंगेज. ती कुणाशी बोलत असेल याचा विचार करायला वेळ नव्हता. राहता राहिला दवाखान्याचा नंबर. तो मात्र पहिल्या झटक्यात लागला.

"आठवा नंबर," कंपाउंडर म्हणाला. "बसून घ्या."

"अरे, मी डॉक्टर बोलतोय."

"डॉक्टर आत आहेत, तपासतायत."

"मी आत कसा असेन? मी बाहेर उभा आहे."

"आवाज नीट येत नाही, आठवे. आणि नावं घ्यायची नाहीत इथे. हुद्देही नाहीत."

बाकावर कुजबुज सुरू झाली.

"कोण हे नवीन?"

"मधे घुसायला बघतायत. म्हणे मी डॉक्टर."

"हल्ली एकेक युक्त्या. आम्ही दुपारपासून बसलोय ते काय येडे म्हणून?"

"शोभत नाही हो या वयात," एक बायकी आवाज म्हणाला, आणि तो ऐकून डॉक्टर चमकले. घरातला फोन इतका वेळ कुणाशी एंगेज होता ते त्यांना कळलं. सातवा नंबर त्यांची बायको होती. मास्कातला नवऱ्याचा आवाज तिनंही ओळखला नव्हता.

दोन नियम अंगावर चालून आले होते, आणि त्यातला एक तर त्यांनी स्वतःच घातलेला. डॉक्टरांनी फोन खाली केला, काचेवरची वाफ बोटानं पुसली, आणि खिडकीतल्या त्या एका डोळ्याकडे पाहत, दुसरं काही सुचेना म्हणून, जन्मभर म्हणत आले तेच म्हणाले.

"जीभ दाखवा."

फटीतून जीभ बाहेर आली. विचार करून नव्हे. सवयीनं आली. ती आत गेली. मग खिडकी सताड उघडली.

"अरे, तू होय."

"बाई, आकडा."

त्यांनी बोटाला चिमटा लावला आणि यंत्र खिडकीपाशी धरलं. शहाण्णव. सकाळपेक्षा चांगला चढलेला. ओठांचा रंग ठीक, श्वासही लागलेला नाही. डॉक्टरांनी तो आकडा तीनदा वाचला आणि मग कठड्याला धरून स्वतःचा श्वास सोडला. काचेवर पुन्हा वाफ धरली, ते एका परीनं बरंच झालं. डोळे झाकले गेले.

"मला सरळ फोन का केला नाहीत? खाजगी नंबर दिला होता ना मी?"

"ओळख आहे म्हणून मधे घुसू?" बाईंचा आवाज एकदम शाळेच्या पटांगणावरचा झाला. "इतकी वर्षं तुला रांगेत उभं केलं ते कशासाठी? दुपारपासून बसलेय. पुढच्या चौघांना काही झालेलं नाही, विचारून घेतलंय मी. आता आलाच असेल माझा नंबर."

"बाई, नंबर कसा येणार? तुमच्या पुढ्यात उभा आहे मी."

"ते मला माहीत आहे. बाकावरच्यांना माहीत आहे का? त्यांच्या देखत मी मधे गेले तर उद्या कुणी रांग पाळेल?" त्यांनी रिसीव्हर पुन्हा कानाशी नेला. "आणि उभा कशाला? पायरीवर बस. घामाघूम झालायस. फोन ठेवू नकोस, नंबर जाईल."

डॉक्टर पायरीवर बसले. उठायला हवं, हे त्यांना कळत होतं. ते इथे बसले होते तोवर तिथे रांग तसूभर पुढे सरकणार नव्हती. पण पायांनी साफ नकार दिला होता. संध्याकाळचं ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत होतं. कानाशी धरलेल्या फोनात गुडघेवाले कुणाला तरी गुडघ्याखाली उशी घ्यायला सांगत होते, कुणी सांगत होतं की नातवाला पहिला दात आला, आणि सातव्या नंबरला, म्हणजे त्यांच्याच बायकोला, कुणी विचारत होतं, तुमच्याकडे काय विशेष. ती म्हणाली, विशेष काही नाही, आमच्या ह्यांचा जीव थाऱ्यावर नाही एवढंच. सगळे आपुलकीनं चुकचुकले. साथ आल्यापासून डॉक्टर रोज शंभर माणसांशी बोलत होते, पण त्यांतल्या एकानंही आजारपण सोडून त्यांना काही सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"आठवे," कंपाउंडरचा आवाज आला. तो आता मवाळ झाला होता. "मघाशी जरा टाकून बोललो. आहात ना अजून? काय होतंय तेवढं सांगून ठेवा."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. हेडबाई रिसीव्हर कानाला लावून ताठ बसल्या होत्या, रांगेतल्या मुलाकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहत.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "बसलोय जरा."

"बसा, बसा," सहावा नंबर म्हणाला. "थांबा, मी थोडं सरकून घेतो."