घाई हाय त कॉम्प्युटर घ्या

यासीनचाचा दुरुस्तीला आलेला टाइपरायटर उघडण्याआधी त्याचा वास घेत. पेटीचं झाकण वर करायचं, डोळे मिटायचे, नाक थेट कळांपर्यंत न्यायचं आणि मग मालकाबद्दल निकाल द्यायचा. "हे वकिलाची हाय. वकील सुपारी खाते." वकील समोरच उभा असे, आणि गालातली सुपारी आता कुठे लपवावी हे त्याला कळत नसे. माझी मशीन पहिल्यांदा हुंगली तेव्हा म्हणाले, "भाऊ, तुमी लिहिता कमी अन् चिवडा जास्त खाता." मी रागावलो. त्यांनी शांतपणे मशीन उलटी केली. आतून पोहे, शेंगदाणे आणि कढीपत्त्याचं एक अख्खं पान टेबलावर पडलं.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. आज कोणी हसेल, पण त्या वर्षांत वऱ्हाडात टाइपरायटर ही फार व्यवहारी वस्तू होती. बारा-बारा तास वीज नसायची. कचेरीतला कॉम्प्युटर फडक्याखाली झोपलेला असे आणि माझी पोर्टेबल मात्र कोणाच्याही ओट्यावर टकाटक चालत असे. गावोगावच्या ज्या घरांच्या बातम्या मी तिच्यावर लिहीत होतो, ती कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची असत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मशीन बिघडली आणि अकोल्याला जावं लागलं, की मला मनातून बरं वाटायचं.

चाचांचं घर मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात. चाची गेल्यापासून ते एकटेच. मुलगी पातूरला दिलेली, ती ईदेला येई. बाकी घरात बत्तीस पोर्टेबल. गव्हाच्या कोठीवर, चाचीच्या कपाटात, मसाल्याच्या डब्यांशेजारी, जिथे हात घालावा तिथे एक पेटी. भंगारवाल्यांकडून, लिलावांतून, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांतल्या माळ्यांवरून त्यांनी त्या गोळा केल्या होत्या. कचेरीतल्या मोठ्या मशिनींना मात्र उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. "त्या म्हशी हायेत. पोर्टेबल म्हंजे बकरी. काखेत मारली अन् चालले."

सेमाडोहच्या एका निवृत्त वनाधिकाऱ्याने एकदा आपली पोर्टेबल दुरुस्तीला पाठवली. चाचांनी झाकण उघडलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. दुसऱ्या कोणी ते खरवडून टाकलं असतं. चाचांनी झाकण अर्धवट उघडं ठेवून पेटी खिडकीत ठेवली आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तिला हात लावला नाही. साहेबांचा माणूस तीनदा चौकशीला आला. तिन्ही वेळा त्याला एकच उत्तर मिळालं, "घाई हाय त कॉम्प्युटर घ्या." हे वाक्य ते गिऱ्हाइकाला, जावयाला आणि एकदा तर तपासायला आलेल्या डॉक्टरलाही म्हणाले होते.

कारागीर असा, की गंजून दगड झालेली मशीन पेट्रोल, दात घासायचा ब्रश आणि शिलाई मशीनचं तेल एवढ्यावर ते बोलती करत. पण एक खोड होती. प्रत्येक दुरुस्तीत काहीतरी राहायचंच. कळा लोण्यासारख्या चालत, पण ओळ संपताना घंटी वाजत नसे. घंटी दुरुस्त करून आणावी, तर फीत उलटी फिरेना. वर्षभरात माझ्या पाच खेपा झाल्या.

"चाचा, घंटी वाजून नाही राहिली."

"अरे! राहून गेली असन. बसा, चहा ठेवतो."

दुरुस्तीला दोन मिनिटं लागत आणि चहाला दोन तास. निघताना ते गल्लीच्या तोंडापर्यंत येत. "काही झालं त घेऊन येजा, हो!"

एकदा अकोल्याला जायला सवड नव्हती, म्हणून मशीन अमरावतीतल्याच एका मिस्त्रीला दाखवली. त्याने बॅटरी मारून आत पाहिलं आणि हसायला लागला.

"भाऊ, हे राहून गेलेलं नाही, ठेवलेलं हाय. बाकी सगळ्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा टिपका हाय, हलू नये म्हणून. हा एकच कोरा, अन् अर्धा फेरा मांगं फिरवला हाय. अकोल्याच्या चाचाची मशीन ना? माह्याकडे अशा दोन येऊन गेल्या."

माझं डोकंच फिरलं. पाच खेपा! रविवारी सकाळची एसटी पकडली, ती त्यांना चार शब्द सुनवायलाच. मशीन घरी ठेवली होती. मूर्तिजापूरपर्यंत राग चांगला टिकला. काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो, आणि जुळवता जुळवता त्या घरी कोण कोण येतं ते आठवत होतो. वकिलांनी कॉम्प्युटर घेतले होते. टायपिंगच्या क्लासांना कुलपं लागली होती. मुलगी ईदेला येई. उरलो होतो आम्ही तीन-चार जण, घंटी न वाजणारे. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी तरी तिथे निव्वळ घंटीसाठी कुठे जात होतो?

दारात चाचांनी आधी माझे रिकामे हात पाहिले.

"मशीन कुठी हाय?"

"घरी. मस्त चालून राहिली."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग काय बिघडलं?"

"काहीच नाही, चाचा. चहा प्यायले आलो."

"नुसता चहा?"

"नुसता चहा."

ते घाईघाईने आत गेले, चहात साखर दोनदा घातली, आणि माझ्यासमोर बसले. हात मात्र टेबलावर काहीतरी शोधत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "चष्मा द्या तुमचा. काच पाहा किती मळली." त्यांनी तो पुसला, बारीक पेचकस काढला आणि काड्यांशी खटपट करत बोलू लागले. त्या दुपारी पहिल्यांदाच मशिनींचा विषय निघाला नाही. चाची कपाटासाठी कशी भांडायची, अन् रुसली की पातूरला लेकीकडे कशी निघून जायची, हे सांगताना ते दोनदा हसले आणि एकदा पेचकस खाली ठेवला.

रात्रीच्या जेवणाआधी घरी पोचलो. हात-तोंड धुवायला चष्मा काढला, तर डावी काडी लटकत होती. उजवी एकदम घट्ट.

बायको म्हणाली, "द्या इकडे. कोपऱ्यावरच चष्म्याचं दुकान हाय, दोन मिनिटाचं काम."

"राहू दे," मी म्हटलं, "रविवारी अकोल्याले जायचं हाय."

तो सगळा आठवडा मी काडीला दोरा बांधून बातम्या लिहिल्या.