नवाटेबलफायनल२

तारीख दोन जून, रक्कम रुपये दहा. हजर आम्ही तिघं: मुश्ताकभाई, मालकीण सोनाली मॅडम आणि मी. गुन्हा असा, की मॅडमनी स्वतः लिहिलेल्या फाईलला 'बॉक्स२' नाव दिलं होतं. मुश्ताकभाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, बॉक्स एक कुठंय? आन् बॉक्समधी हाय काय?"

मॅडमनी मुकाट्यानं दहाची नोट बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकली. स्वतःच्या कंपनीत त्यांनी भरलेला हा चौथा दंड. मी मोजतो. चुका शोधायच्या आणि मोजायच्या, याचाच मला पगार मिळतो.

आमची कंपनी म्हणजे चिकलठाण्यातल्या एका गाळ्याचा वरचा मजला. कारखान्यांसाठी आम्ही वेबवरचे स्क्रीन बनवतो. स्क्रीन अख्खा एकदम लिहीत नाहीत. बटण वेगळं, शोधायचा चौकोन वेगळा, तक्ता वेगळा. अशा एकेका तुकड्याला कंपोनंट म्हणतात आणि ते जोडून स्क्रीन उभा राहतो. मुश्ताकभाईंना हे शिकवावं लागलंच नाही. बावीस वर्षं ते एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग काढत होते. तो विभाग बंद झाला, तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "येच तर करायलो होतो आपन. एक पार्ट, एक ड्रॉइंग."

तेव्हापासून ऑफिसात त्यांचे नियम चालतात. एका फाईलमध्ये एकच कंपोनंट. दीडशे ओळींच्या वर एक ओळ नाही. नाव असं, की "पुन्हा इचारायचं काम नाय पडलं पायजे". माहिती वरच्या कंपोनंटनं खालच्याला द्यायची, खालच्यानं परस्पर बदलायची नाही, फक्त वर कळवायचं. याचा खुलासा ते असा करतात: "पोरानं फ्रीजला हात लावायचा नाय. आईला सांगायचं." उलट टोकही त्यांना खपत नाही. मी एकदा पाच ओळींची वेगळी फाईल केली, तर म्हणाले, "जाधवभाऊ, घर बांधायलाव का कबुतरखाना?" दहा रुपये. डब्यातली रक्कम महिनाअखेरीला खालच्या चहावाल्याकडे जाते आणि त्या दिवशी सगळ्यांना समोसे मिळतात. समोसे बरे असतात.

नियम घरापर्यंत पोचलेले आहेत. त्यांच्या फोनमधले नंबर मी पाहिलेत. 'दूधवाला-सकाळ'. 'प्लंबर-नवा'. 'प्लंबर-जुना-वापरू-नका'. त्याच्याखाली 'मेहुणा-मोठा-वापरू-नका'. माझं नाव 'जाधव-टेस्टिंग-मोजतो'. सगळ्या यादीत एकच नाव नियमाबाहेरचं, नुसतं 'बेबी'. बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. इंजिनिअर झाल्यावर सहा महिने ती आमच्याकडे, त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर काम शिकत होती. मग बंगळुरूला नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं. त्यांची पत्नी, आमच्या भाभी, त्याआधीच वारल्या होत्या. अलीकडे बेबीचा फोन रविवारी यायचा आणि "अब्बा, बाद में करती" इथं संपायचा.

जूनमध्येच शेंद्र्याच्या एका कारखान्याचं मोठं काम मिळालं. त्यांची अट होती की सगळ्या फायली नियमतपासणीच्या प्रोग्राममधून बिनसूट पास झाल्या पाहिजेत. तीन आठवडे मुदत. मॅडम निर्धास्त होत्या. आमच्याकडे मुश्ताकभाई आहेत म्हटल्यावर तपासणीला काय घाबरायचं?

मी प्रोग्राम चालवला. एक फाईल नापास. चारशे बारा ओळी. नाव 'नवाटेबलफायनल२'. एकाच फाईलमध्ये तक्ता, बटणं, शोध, सगळं कोंबलेलं. इतकी वर्षं ती पकडली गेली नव्हती, कारण कुणीतरी तिला तपासणीतून सूट देऊन ठेवली होती. सूट देणाऱ्याचं नाव पाहिलं. मुश्ताकभाई. लिहिणारी बेबी होती. मी फाईल बंद केली.

मॅडमना सांगावं लागलंच. त्यांनी समजुतीनं घेतलं, म्हणाल्या, भाई, मी करते याचे तुकडे, दोन तासांचं काम आहे. मुश्ताकभाईंनी माउस स्वतःकडे ओढून घेतला.

"नाय. तिची हाय. तिला इचारून करावं लागंल."

मॅडमनी मुदतीकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, बेबीच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन लागला. दोन्ही हात टाइप करायला लागतात म्हणून स्पीकरवर. एका वेळी एकच तुकडा, एकच प्रश्न. हे शोधायचं बटण डावीकडे का ठेवलं होतंस? बेबी हसली. म्हणाली, अब्बा, तुम्हीच सांगितलं होतं, तो स्क्रीन वापरणारे स्टोअरवाले मामू डावखुरे आहेत. भाईंना हे माहीत नसणं शक्य नव्हतं. त्या मामूंची गोष्ट मला त्यांनीच दोनदा सांगितली होती. मग म्हणाले, "खाना खाए क्या?" आणि पुढची दहा मिनिटं कंपोनंटचा विषय निघाला नाही.

रविवार सोडून रोज दीड वाजता एक फोन, रोज एक फाईल. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, दुसऱ्यात वीस. चौदाव्या फोनला काम संपलं. तपासणी पास. मुदतीला तीन दिवस बाकी.

त्या संध्याकाळी मी फायली उघडून पाहिल्या. हिशेबानं नऊ व्हायला हव्या होत्या. होत्या चौदा. एकीत चार ओळी, एकीत नुसती एक आडवी रेघ. कबुतरखाना म्हणायला हरकत नव्हती. मी शेऱ्यात 'ठीक' लिहिलं.

पुढच्या दिवशी दीड वाजता मुश्ताकभाई डबा उघडून बसले होते. फोनकडे बघत नाही असं दाखवत होते. फोन वाजला. उचलताना सवयीनं स्पीकर लागला.

"अब्बा, आज कौनसी फाईल?"

त्यांनी घाईनं स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. डबा झाकायलाही विसरले. मी झाकला. चाळीस मिनिटांनी आले, खिशातून पन्नासची नोट काढली आणि बिस्किटाच्या डब्यात टाकली.

"कशाचे, भाई?"

"जास्तीच्या पाच फायलीचे. तुमी मोजल्या असतीलच."

"नाही मोजल्या," मी म्हणालो.

महिनाअखेरीला चहावाल्याला एकूण एकशे दहा रुपये दिले. त्यातले पन्नास मुश्ताकभाईंचे.